देवाच्या खोलीची किल्ली

आमच्या घरात देव नव्हता, पण देवाच्या खोलीची किल्ली होती. माझ्या बापाच्या कमरेला ती करदोट्यात ओवलेली असायची. पितळेची, बोटभर लांब. बाबा चालले की ती पट्ट्याच्या बकलावर आपटायची आणि टिण टिण आवाज यायचा. दिल्लीतल्या भोगलच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी आवाजांची काय कमी? पलीकडे निजामुद्दीनला शंटिंग करणारी इंजिनं, खालच्या डेअरीतल्या म्हशी, सरदारजींचा रेडिओ. पण त्या सगळ्या गलक्यातून मायला नेमकी ती टिणटिण ऐकू यायची आणि ती तवा चढवायची. बाबा जिना चढून येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. लोक म्हणतील, किती गोड. मला त्या आवाजाची चीड होती. आज बाबा नाहीत, माय नाही, आता माझी विमलही नाही, तरी कुणाच्या हातात किल्ल्या वाजल्या की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते इथे लिहितो. मी सातवी नापास माणूस, टॅक्सी चालवण्यात जन्म गेला. शुद्धलेखन कुणी तपासू नये.

बाबा मूळचे वर्ध्याकडचे. नागपूरला दीक्षा घेऊन परत आल्यावर आमच्या आज्याने घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. टोपली धरायला बाबा होते. ज्या देवळाच्या पायरीवर त्यांना कधी बसू दिलं नाही, त्याच देवळासमोरून ती टोपली नेली, असं ते फार चवीने सांगायचे. त्यानंतर आमच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, बाकी काही नाही. पुढे कामाच्या शोधात दिल्लीत आले. इथे आमच्या आडनावावरून कुणाला काही उमगायचं नाही. मराठी बोलतात म्हणजे मराठे, झालं. गावात ज्यांनी आम्हाला विहिरीवरून हाकललं त्यांचंच नाव दिल्लीने आम्हाला फुकटात चिकटवलं. माय हसायची. "बाप्पा, इथं येऊन आपण पाटीलच झालो," म्हणायची, आणि गावाकडून आलेल्या पिशवीतली वाळलेली अंबाडी भिजत घालायची. तिला दिल्लीचा राजमा शेवटपर्यंत आवडला नाही. "दगडाचं वरण" म्हणायची त्याला.

मथुरा रोडवर लालाजींची मोटारींची शोरूम होती. विलायती मेकची, लांब नाकाची गाडी ते विकत. ती कंपनी केव्हाच बुडाली, तिचं नाव काढून मेलेल्याला कशाला उठवू. पुढे काचेची शोरूम, मागे वर्कशॉप आणि बाजूला सुट्या भागांचं गोदाम, जे माझ्या बाबांच्या ताब्यात. लालाजींच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. मालाची नवी पेटी फोडली की त्यातला पहिला नग विश्वकर्म्याचा. तो विकायचा नाही. मेणकागदात बांधलेला असेल तसाच, न उघडता, गोदामाच्या मागच्या खोलीत ठेवायचा. वर्षातून एकदा, विश्वकर्मा पूजेला, ती खोली उघडायची, लालाजी स्वतःच्या हाताने एकेका पुडक्यावर कुंकवाचा टिळा लावायचे आणि पुन्हा कुलूप. "जिस दिन उसका माल बिका, समझो दुकान बिकी," असं लालाजी म्हणायचे. त्या खोलीची किल्ली काउंटरवरच्या पंडितजींना हवी होती, ते मागायचेही. लालाजींनी ती बाबांना दिली. "चाबी मराठे के पास रहेगी." का, ते लालाजींनाच ठाऊक. बाबांनी ती करदोट्यात ओवली, ती मग आंघोळीलासुद्धा काढली नाही.

लालाजींकडे एक जुनी गाडी बदल्यात आली होती. बाबांनी गावची उरलीसुरली जमीन विकून ती घेतली, माझ्यासाठी. शाळा मला मानवली नाही, पण स्टीअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की आपण कशाला तरी कामाचे आहोत. टॅक्सीचं परमिट झालं, काळी-पिवळी रंगवली, माझं लग्न झालं, आणि वर्ध्याहून विमल आली ती त्याच गाडीतून स्टेशनवरून घरी. पूर्ण रस्ता हॉर्नकडे बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "एकदा वाजवू?" मी म्हटलं वाजव. तिने तो असा दाबून धरला की आश्रम चौकातला पोलीस धावत आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मागच्या आसातून कडकड आवाज आला आणि गाडी बसली. मागच्या चाकांना फिरवणारं एक मोठं दातेरी कडं असतं, मिस्त्री त्याला क्राऊन म्हणतात. त्याचे दोन दात तुटले होते. कंपनी बंद, नवा माल येणं बंद. मी कश्मीरी गेटला जुने सुटे भाग विकणाऱ्या कबाड्यांकडे पायपीट केली, करोल बाग पालथं घातलं. नाही म्हणजे नाही. घरात बाबांना विचारलं, "गोदामात?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "गोदामात नाही." खोटं नव्हतं ते. गोदामात नव्हतंच.

गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. पोरं तिच्या बॉनेटवर बसून पत्ते खेळायची. तुटलेलं कडं मायने वाया जाऊ दिलं नाही. पाण्याचा माठ लवंडायचा म्हणून तिने ते चुंबळीसारखं माठाखाली ठेवलं. (माझी नात गुरुग्रामची. तिने विचारलं, आजोबा, चुंबळ म्हणजे काय? आता काय सांगू.) मी वर्षभर त्या माठातलं पाणी प्यायलो आणि दर घोटाला ते कडं बघितलं. नवरा घरी बसलेला, नवी नवरी शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावतेय. शेवटी बाबांनी मला लालाजींच्या वर्कशॉपमध्ये लावलं. गाड्या धुवायला. ज्याच्या नावाचं परमिट होतं तो दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं धूत होता.

मग आली विश्वकर्मा पूजा. सकाळपासून वर्कशॉप धुऊन काढलं, पान्हे-हातोड्या चादरीवर मांडल्या, बुंदीचे लाडू आले. बाबांनी कमरेची किल्ली काढली आणि ती खोली उघडली. तोवर मी तिच्या दारातही उभा राहिलो नव्हतो. लालाजींनी मला पुकारलं, "आ बेटा, थाली पकड़." कुंकवाचं ताट घेऊन मी आत गेलो आणि जागीच थांबलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या. फळ्यांवर पुडकी. दिव्याच्या काचा, बंपर, दाराचे हँडल, पिस्टन, गॅस्केट, सगळं नवंकोरं, तेलाचा वास मारणारं, प्रत्येकावर वर्षानुवर्षांच्या टिळ्यांचे थर. साला एक अख्खी गाडी तिथे सुटी होऊन पडली होती. लालाजी एकेकाला टिळा लावत पुढे सरकत होते, मी ताट धरून मागे. आणि खालच्या फळीवर, तपकिरी मेणकागदात, सुतळीने बांधलेलं, मोठ्या ताटलीएवढं गोल पुडकं. वर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, क्राऊन.

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "लालाजी, ये मुझे दे दो. मेरी गाड़ी इसी के लिए खड़ी है."

लालाजी हसले. वाईट माणूस नव्हता तो, तेच तर डोक्यात जातं. "बेटा, ये तो उसका है. प्रसाद बिकता नहीं."

"फिर बेचो मत. दे दो. भगवान को कौन सी गाड़ी चलानी है?"

दारातले मिस्त्री हसले. पंडितजी म्हणाले, "देख लो लालाजी, और दो चाबी मराठे को." मी खाली वाकलो आणि पुडक्याला हात घातला. तेवढ्यात बाबांनी मागून येऊन माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्या वर्कशॉपसमोर. लग्न झालेल्या मुलाला. "हात लावू नको," म्हणाले. एवढंच. मग ताट उचलून लालाजींसमोर धरलं, स्वतः.

त्या संध्याकाळी किल्ली वाजत घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. मायने भाकरी टाकली होती, विमल जवसाची चटणी वाटत होती. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? पूर्ण वर्ष?"

"होतं."

"स्वतःच्या हाताने बांधून ठेवलंत?"

"पेटी फोडली तेव्हा तू शाळेत होतास."

"देव नदीत सोडले म्हणता, आणि देवाच्या मालाची राखण करता? पोराचं पोट गेलं खड्ड्यात?"

बाबा सदरा काढत म्हणाले, "देवाशी मला काय करायचं? ज्या गावात पायरी चढू दिली नाही, तिथून उठून आलो. इथं पंडित उभा असताना देवाच्या खोलीची किल्ली माझ्याजवळ दिली लालाने. ती मी अशी खाली पडू देणार नाही."

"मग ती किल्लीच खा भाकरीबरोबर," मी म्हटलं. माय ओरडली, "काऊन भांडता रे, पोट्ट्या, बाप आहे तो!" विमलचा वरवंटा थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, मामाजींच्या, म्हणजे बाबांच्या, कमरेकडे बघत होती. हे मला तेव्हा दिसलं होतं. पण दिसून काय उपयोग, कळलं नाही. मी चपला घातल्या आणि निघालो.

फरीदाबादला एका कारखान्याच्या गेटवर माल चढवायचं काम मिळालं. बिहारच्या पोरांबरोबर एका खोलीत राहिलो. ती रोज भात आणि उकडून कुस्करलेल्या बटाट्याचा चोखा करायची, मी गिळायचो आणि मनात बाबांशी भांडायचो. किती दिवस गेले मोजले नाहीत. एक दिवस दुपारी गेटवर गर्दी जमलेली, बघतो तर मधोमध विमल. एकटी. हिंदी तिला येत होती चार शब्द. ती चौकीदाराला सांगत होती, "मेरा आदमी, लंबा, गुस्सेवाला." चौकीदार म्हणाला, "बहनजी, यहाँ सब गुस्सेवाले हैं." मला बघितलं आणि ती रडेल असं वाटलं, तर कसलं काय. "बस बदलून बदलून आले. बदरपूरला एका म्हातारीने बसवून दिलं," म्हणाली. "चला. गाडी चालू झाली."

"कशी?"

"मामाजींनी कबाड्याकडून क्राऊन आणला. जुना आहे, पण चालतो. मिस्त्रीने बसवला पण."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देवाला नवा आणि पोराला कबाडातला?"

"चालतो ना? मग झालं." लग्नातली हिरवी साडी नेसून आली होती, जांभळ्या काठाची. पदर खांद्यावरून जेमतेम पुढे येत होता. मी चिडून म्हटलं, "आणि ही साडी कोणी खाल्ली?" ती म्हणाली, "सायकलच्या चाकात गेला पदर. तुम्ही आधी चला, नाही तर परतीची बस जाईल." बसमध्ये तिने मला घरून आणलेली भाकरी दिली, आत झुणका. मी खाल्ली आणि म्हटलं, "घरी येतो, पण बाबांशी बोलणार नाही." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नका बोलू. तुम्ही बोललात की सगळ्या दिल्लीला कळतं." हे तिचं नेहमीचं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ठरवलं होतं.

घरी आलो तर माठाखाली दोन विटा. "कडं कुठे गेलं?" म्हटलं. "भंगारवाल्याला दिलं," विमल म्हणाली. मला बरं वाटलं. डोळ्यासमोरून गेलं एकदाचं.

ती टॅक्सी मी चालवली, जोवर पत्रा साथ देत होता तोवर चालवली. इंजिन दोनदा उघडलं, क्लच किती बदलले देव जाणे, पण तो कबाडातला क्राऊन कधी कुरकुरला नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, बघा, जुना माल किती टिकतो, नाहीतर आमचा बाप, नवा माल देवाला वाहतो. विमल मागे उभी राहून ऐकायची आणि कणीक तिंबायची. बाबांशी मी कामापुरतं बोललो. हो, नाही, औषध घेतलं का. बाबा त्या गाडीत कधी बसले नाहीत. दुकानात चालत जायचे, मी गाडी घेऊन त्यांच्या शेजारून जायचो, ते मान वळवायचे नाहीत. मी म्हणायचो, म्हाताऱ्याचा माज बघा. निवृत्त झाले त्या दिवशी लालाजींनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, किल्ली परत घेताना ती कपाळाला लावली आणि सगळ्यांना सांगितलं, असा इमानदार माणूस होणे नाही. मी बाहेर टॅक्सीत बसून होतो. बाबा बाहेर आले, चालायला लागले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चालण्याला आवाज नव्हता. त्यानंतर ते फार जगले नाहीत. लालाजी त्यांच्या थोडे आधीच गेले.

आता अलीकडचं. विमल या उन्हाळ्यात गेली. तिच्याविषयी मी जास्त लिहिणार नाही, लिहिता येत नाही. मुलगा म्हणतो गुरुग्रामला या, बाराव्या मजल्यावर. मी भोगलच्या आमच्या जुन्या घरातच आहे. थोड्या दिवसांपूर्वी लालाजींच्या नातवाचा फोन आला. शोरूम विकली, इमारत पाडणार आहेत, "अंकल, पुराने लोगों में आप ही बचे हो, एक बार देख जाओ." गेलो. नाहीतरी घरी कोण होतं.

देवाची खोली सताड उघडी होती. गुरुग्रामहून जुन्या मोटारींचा एक शौकीन आला होता, पांढरे बूट घातलेला. त्याने सगळा माल विकत घेतला होता. एक पोरगी मोबाईल धरून त्याचा व्हिडिओ काढत होती आणि तो एकेक पुडकं कात्रीने फोडून दाखवत होता. "देखिए, बिल्कुल वर्जिन पीस, किसी ने हाथ नहीं लगाया!" टिळ्यांच्या खपल्या त्याच्या बुटांवर पडत होत्या. याच्यासाठी? मला गाडी धुवायला लावली ती या माणसाच्या बैठकीत काचेखाली ठेवायला? मी लालाजींच्या नातवाला म्हटलं, "प्रसाद बिकता नहीं था ना? तुम्हारे दादा कहते थे." तो लाजून म्हणाला, "अंकल, दादाजी का टाइम अलग था."

तेवढ्यात त्या शौकिनाने ते गोल पुडकं उचललं. बाबांचं अक्षर अजून वाचता येत होतं. मी म्हटलं निघावं, हे मला बघायचं नाही. पण गेलो नाही. त्याने सुतळी कापली, कागद सोडला, आत कापडाचा एक थर. तो उलगडला आणि त्याचं तोंड उतरलं. "ये क्या है? ये तो टूटा हुआ है!"

गंजलेलं कडं. दोन दात तुटलेले. आतल्या कडेला माठाच्या पाण्याचा पांढरा थर. आणि ज्या कापडात गुंडाळलं होतं ते हिरवं, त्याला जांभळा काठ.

मला सगळं कळायला तेवढा काठ पुरला. बाबांनी किल्लीने ती खोली उघडली होती, नवा क्राऊन घरी आणला होता, त्याला काजळी आणि काळं तेल फासून कबाडातला केला होता. रिकाम्या जागी आमचं तुटकं कडं ठेवलं होतं, आणि ते बांधायला माझ्या बायकोने स्वतःच्या लग्नाच्या साडीचा पदर फाडला होता. मी घरात नसताना, दोघांनी मिळून. म्हणजे ती मला आणायला फरीदाबादला आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. आणि त्यानंतर दर वर्षी लालाजी आमच्या माठाखालच्या कड्याला टिळा लावून नमस्कार करत होते, आणि माझा बाप शेजारी ताट धरून उभा होता. ज्या किल्लीसाठी मला मारलं, ती किल्ली त्याने माझ्यासाठी खाली पाडली होती. आणि तोंडातून चकार शब्द नाही. माझं हो-नाही ऐकत राहिला, औषध घेतलं का ऐकत राहिला, टॅक्सीच्या शेजारून चालत राहिला.

मी म्हटलं, "ये मेरा है."

"आपका कैसे, अंकल?" पोरगीने मोबाईल माझ्याकडे वळवला.

"फोन नीचे," मी म्हटलं. कडं कापडासकट उचललं आणि बाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. तुटक्या मालाला कोण अडवतं?

लोकांना वाटेल की म्हाताऱ्याचा राग आता गेला असेल. अजिबात नाही. उलट वाढला. आधी एकावर होता, आता दोघांवर आहे. बाबांचं मी एक वेळ समजू शकतो. ते बोलणारे नव्हतेच. पण विमल? रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होतीस. बाबा गेले तेव्हा मी रडलो नाही, ते तू बघितलंस. तेव्हा तरी सांगायचं होतंस. तेव्हा लालाजीही गेले होते, कोणाची नोकरी जाणार होती? दवाखान्यात शेवटी माझा हात धरून पडलीस, तेव्हासुद्धा तुला दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली का, एवढंच विचारायचं होतं?

कडं घासून काढलं. बाजारातून माठ आणला आणि त्यावर ठेवला. नीट बसतो, लवंडत नाही. हिरवं कापड धुऊन उशीखाली आहे. आणि मी हे सगळं लिहिलं. देवाच्या खोलीत कोणी हात घातला, कोणी पदर फाडला, लालाजी कशाच्या पाया पडले, सगळं. नातीला सांगितलंय, छापून आण, सोसायटीत वाट, तुझ्या त्या मोबाईलवर टाक. तुम्हा दोघांना हेच नको होतं ना? माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून एवढं सांभाळलंत. घ्या, आता सगळ्या दिल्लीला कळलं. या मला गप्प करायला. दोघंही या. मी दार उघडं ठेवलंय, तवा चढवलाय, आणि कान जिन्याकडे आहेत.